बी-टू पास होऊनही आजींचं जर्मन का कळत नाही?

गेली काही वर्षं जर्मन शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या लोकांत बसलं की एक वाद हमखास निघतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, पहिल्या टप्प्यात १० हजार जणांचं बोलणं झालं, आणि तेव्हापासून नर्सिंगवाली, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशी मुलंमुली क्लासला यायला लागली. ज्यांना जर्मन साहित्याशी घेणंदेणं नाही, काम करायचंय आणि चार पैसे मिळवायचेत अशी. याआधी स्वतःच्या खटपटीने तिकडे गेलेल्यांचे अनुभव त्यांच्या कानावर येतात: "बी-टू पास होऊन गेलो, आणि पहिल्या दिवशी वॉर्डातलं एक अक्षर कळलं नाही." (जर्मनच्या परीक्षा ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत्या पायऱ्यांच्या असतात.) मग वाद पेटतो. एक बाजू म्हणते, चूक त्या जर्मन लोकांची, ते गावंढळ, अशुद्ध बोलतात, परदेशातून माणसं बोलावता ना मग नीट बोला. दुसरी बाजू म्हणते, बोली ही त्यांची संस्कृती आहे, तुम्ही पाहुणे आहात, तिथे गेल्यावर येईल आपोआप, रडू नका.

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि चूक एकाच ठिकाणी होते. बोली बोलणं आणि बोली कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुणी लक्षातच घेत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: बी-वन झाल्यापासून पुढे प्रत्येक जर्मनच्या वर्गात बोली ऐकायला शिकवलीच पाहिजे, बोलायला अजिबात नाही. जीभ प्रमाण भाषेतच राहू दे, कान मात्र तयार करून पाठवा. आणि हे काम निघण्याआधी इथेच व्हायला हवं, तिकडे पोचल्यावर नशिबावर सोडून चालणार नाही.

माझी एक विद्यार्थिनी दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागात एका छोट्या गावात वृद्धाश्रमात कामाला लागली. अभ्यासू मुलगी, व्याकरण पक्कं. तिसऱ्या आठवड्यात एका आजींना पलंगावरून उठवून उभं करत होती, आजी उभ्या राहिल्या आणि म्हणायला लागल्या, "हेब मे! हेब मे!" पुस्तकात हेबन म्हणजे उचलणं. ही समजली आजींना उचलून हवंय, म्हणून खांद्याला धरलेला हात सोडून काखेखाली हात घालायला वाकली, आणि त्या क्षणी आजींचा तोल गेला. पलंगाची कड हाताला लागली आणि शेजारची सीनियर धावत आली म्हणून निभावलं. कारण श्वेबिशमध्ये, म्हणजे श्वाबेनच्या बोलीत, हेबन म्हणजे धरणं. उचलायला तिथे वेगळा शब्द आहे, लुप्फन. आजी सांगत होत्या "मला धर", आणि हिने नेमका धरलेला हात सोडला. त्या रात्री फोनवर ती रडत मला विचारत होती, मॅम, हा शब्द तर आपण ए-टूला शिकलो होतो ना, मग मी कुठे चुकले? ती कुठेच चुकली नव्हती, चुकलो आम्ही शिकवणारे. शब्दाला दुसरा अर्थ असू शकतो एवढी शंकासुद्धा आम्ही तिच्या मनात पेरून पाठवली नव्हती.

आता "अशुद्ध" या आरोपाकडे येते, कारण तो आपल्याकडे फार सहज तोंडात येतो. प्रमाण जर्मनला होखडॉइच म्हणतात. त्यातलं "होख" म्हणजे उच्च, म्हणून लोकांना वाटतं ती उच्च दर्जाची जर्मन. मुळात तो उंची सांगणारा भूगोलाचा शब्द आहे, दक्षिणेच्या डोंगराळ भागातली भाषा ती होख आणि उत्तरेच्या सपाट प्रदेशातली ती नीडर म्हणजे सखल, जिला आपण प्लाटडॉइच म्हणून ओळखतो. म्हणजे जुन्या अर्थाने बघितलं तर श्वेबिश आणि बायरिश (बव्हेरियाची बोली) याच खऱ्या होख. मग आज उत्तरेच्या हानोफर शहरातली माणसं सगळ्यात शुद्ध बोलतात असं का म्हणतात? कारण उत्तरेची ही माणसं मुळात होखडॉइच बोलणारी नव्हतीच! त्यांची भाषा प्लाट, हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाच्या काळात तर सगळा उत्तर किनारा त्याच भाषेत पत्रव्यवहार करायचा. सोळाव्या-सतराव्या शतकात तिथल्या शहरांनी लिखाणासाठी होखडॉइच उचललं, आणि लोक ते शाळेतून, पुस्तकातून, चर्चमधून शिकले, परक्या भाषेसारखं, अक्षर बघून उच्चार करत. अक्षराबरहुकूम उच्चार आला तो तिथून. पुढे १८९८ मध्ये थिओडोर झीब्स यांनी नाटकाच्या रंगमंचासाठी उच्चारांचे नियम छापले, त्यात या उत्तरेकडच्या उच्चाराचं वजन मोठं होतं, आणि रंगमंचासाठी ठरवलेला तो उच्चार हळूहळू सगळ्या देशाचा आदर्श होऊन बसला. म्हणजे ज्याला आपण शुद्ध म्हणतो ती पुस्तकातून दुसरी भाषा शिकलेल्या लोकांची जर्मन आहे, अगदी आपल्या पोरांसारखीच. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही, तीच शिकवते आणि शिकवत राहणार. पण ज्या आजी आठशे वर्षांचा आवाज तोंडात घेऊन बसल्यात त्यांना बिघडलेली जर्मन बोलणाऱ्या म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? धर्मसुधारक मार्टिन लूथरने बायबल जर्मनमध्ये आणताना जे शब्द वेचले ते घरातली आई, गल्लीतली पोरं आणि बाजारातला माणूस यांच्या तोंडचे, हे त्याने स्वतः १५३० मध्ये लिहून ठेवलंय. प्रमाण भाषेचं मूळच बाजारात आहे.

तरी "नीट बोला" म्हणणाऱ्या बाजूचा एक मुद्दा खरंच दमदार आहे आणि तो मी टाळणार नाही. जमवून घ्यायचं ते नेहमी परक्यानेच का? एकीकडे पगार देणारा, जागेचा मालक, भाषेचाही मालक, आणि दुसरीकडे हातात व्हिसा धरून आलेली पंचवीस वर्षांची मुलगी. समोरच्याला कळेल असं बोलणं ही बोलणाऱ्याची जबाबदारी नाही का? आहेच. आणि गंमत म्हणून नाही, खरंच तिथल्या कोर्टानेही एकदा हे म्हटलंय. सॅक्सनीच्या एका बाईंनी ट्रॅव्हल एजन्सीला फोन करून पोर्तुगालमधल्या पोर्टोचं विमान तिकीट मागितलं. सॅक्सनीच्या झेक्सिश बोलीत प, ट, क मऊ होऊन ब, ड, ग होतात, त्यामुळे फोनवर ऐकू आलं "बोर्डो", आणि तिकीट निघालं फ्रान्समधल्या बोर्डोचं. बाईंनी पैसे द्यायला नकार दिला. २०१२ मध्ये स्टुटगार्टच्या बाड कानश्टाट कोर्टाने निकाल दिला की पैसे द्यावे लागतील, कारण आपलं बोलणं समोरच्याला नीट कळेल हे बघण्याचा भार बोलणाऱ्यावर. तेव्हा जर्मन सहकाऱ्यांनी नव्या माणसाशी स्वच्छ आणि सावकाश बोलावं, मालकांनी त्यासाठी आपल्या लोकांना शिकवावं, हे मी शंभर टक्के मानते. पण त्या खटल्यातच माझं उत्तरही आहे. दोन जन्माने जर्मन माणसांची ही गत, तर "तुम्ही नीट बोला" एवढ्या मागणीवर आपल्या मुलीला विसंबायला सांगायचं? कोर्ट तिकीट चुकल्यावर येतं. आजी पडल्यावर निकाल काय कामाचा? शिवाय जो माणूस दुखण्याने कण्हतोय, ज्याला विसरण्याचा आजार आहे, ज्याला रात्री तीन वाजता श्वास लागलाय, तो शाळेतल्या भाषेत नाही बोलत, आईच्या भाषेत बोलतो. आपणही तसंच करतो. त्याला "होखडॉइचमध्ये सांगा" म्हणायचं तरी कसं?

बाडेन-व्युर्टेम्बर्गने १९९९ पासून स्वतःची जाहिरातच अशी केली होती: "आम्हाला सगळं जमतं. होखडॉइच सोडून." वीसेक वर्षं हे वाक्य त्यांनी अभिमानाने मिरवलं. आणि नेमकं त्याच राज्याशी करार करून आपण मुलांना निव्वळ होखडॉइच देऊन पाठवतोय!

यावर माझे सहकारी लगेच म्हणतात, अगं पण बोली किती, कुठली शिकवायची? गावागणिक बदलते. खरंय, बदलते. एका पावाच्या गोळ्याला ब्र्योटशेन, झेमेल, वेकले, श्रिपे अशी नावं आहेत आणि ती सगळी पाठ करून घ्यावीत असं माझं म्हणणं नाही, बेकरीत बोट दाखवून काम भागतं. पण आवाजांचं तसं नाही, आवाज शिस्तीत बदलतात. १८७६ मध्ये गेओर्ग व्हेंकर नावाच्या संशोधकाने शाळामास्तरांना वाक्यं पाठवून "तुमच्या गावच्या बोलीत लिहून द्या" म्हणून सांगितलं, पुढे ४० वाक्यांचा संच ठरला आणि ४० हजारांहून जास्त गावांतून उत्तरं जमली. आपल्याकडे ग्रिअर्सनने भारताच्या भाषांची पाहणी करताना उधळ्या मुलाची गोष्ट बोलीबोलीत लिहून घेतली, तिच्यात मराठीच्या बोलीही आहेत, तसाच प्रकार. व्हेंकरच्या माहितीवरून नकाशे झाले आणि त्यांत रेषा दिसल्या. ड्युसेलडॉर्फच्या बेनराथजवळून जाणारी एक रेषा, "करणं" या शब्दाला तिच्या उत्तरेला माकन, दक्षिणेला माखन. गोंधळ वाटतो तिथे मोठा आडाखा असतो, आणि आडाखा शिकवता येतो.

उदाहरण देते, वर्गात करून बघितलेलं. श्वेबिशमध्ये "आय" चा "ऑय" होतो: नाइन (नाही) चं नॉय, काइन (एकही नाही) चं कॉय, श्टाइन (दगड) चं श्टॉय. मुलं लगेच विचारतात, मग माइन चं मॉय का? नाही, माइन चं मेइ होतं. आता हे कुठे ऑय आणि कुठे नाही ते कसं ओळखायचं? इंग्रजी येतं ना आपल्या पोरांना, मग तेच वापरायचं. जर्मन श्टाइन म्हणजे स्टोन, हाइम म्हणजे होम, आलाइन म्हणजे अलोन, जिथे इंग्रजीत "ओ" तिथे श्वेबिशमध्ये बहुतेक ऑय. माइन म्हणजे माइन, वाइन म्हणजे वाइन, जिथे इंग्रजीतही "आय" तिथे ऑय नाही. कारण जुन्या भाषेत ते दोन वेगळे स्वर होते, प्रमाण जर्मनमध्ये ते एक झाले, श्वेबिशने मात्र वेगळे जपले. म्हणजे इथे "गावंढळ" बोलीच जास्त काटेकोर निघाली! प्लाटचंही तेच: वासर (पाणी) चं वाटर, आप्फेल (सफरचंद) चं आपेल, त्साइट (वेळ) चं टीट, इंग्रजी कान असेल तर अर्धी प्लाट ओळखीची लागते. त्यात आणखी चारपाच गोष्टी घाला, "इस्ट" चं "इश", "निख्ट" चं "नेट", "इख हाबे" चं "ई हान", "गेमाख्ट" मधला पहिला स्वर गिळून "ग्माख्ट", "श्योन" मधला गोल ओठ सरळ होऊन "शे", आणि वर्गातल्या पोरांना रेकॉर्डिंग लावा. पहिल्यांदा दहा वाक्यांतली दोन कळतात, चौथ्या आठवड्यात सहा-सात. माणसाचा कान नव्या उच्चाराला लवकर सरावतो, आणि एकाऐवजी पाचसहा वेगवेगळ्या माणसांचे आवाज ऐकवले तर अनोळखी सातव्या माणसाचंही बरंच कळतं, हे प्रयोगांतून दिसलंय आणि मी वर्गात डोळ्यांनी बघितलंय. आठवड्याला वीस मिनिटं लागतात याला. एसडब्ल्यूआर, बायरिशर रुंडफुंक या तिथल्या रेडिओ-टीव्ही संस्थांच्या कार्यक्रमांत गावोगावची माणसं आपापल्या ढंगात बोलताना फुकट ऐकायला मिळतात. शिक्षकाला स्वतः बोली बोलता आली पाहिजे अशी अटसुद्धा नाही, मला नाहीच येत.

बोली मरत चालल्यात, तरुण पोरं शाळेतली भाषा बोलतात, मग कशाला, असाही एक आक्षेप आहे. यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. युनेस्कोच्या २००९ च्या यादीत बायरिशसुद्धा असुरक्षित भाषांमध्ये आहे, प्लाट तर प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेखाली संरक्षित ठेवावी लागली. पण अस्सल बोली पातळ होते तेव्हा तिच्या जागी रेडिओवरची जर्मन येत नाही, मधलं काहीतरी येतं, शब्द बहुतेक प्रमाण पण सूर, स्वर आणि अर्थ तिथले. माझ्या विद्यार्थ्यांना दिवसभर ऐकावी लागते ती हीच मधली भाषा, आणि ती पुस्तकात कुठेच नाही. आणि आपली मुलं सांभाळायला जाणार आहेत कुणाला? ऐंशी-नव्वदीच्या माणसांना.

परीक्षेचा मुद्दा मी थोडक्यात सोडवते. परीक्षेत बोली येत नाही म्हणून शिकवायची नाही, हे म्हणणाऱ्यांनी बघावं की ऑस्ट्रियाची ओएसडी परीक्षा ऐकण्याच्या भागात जर्मनीबरोबर ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचे उच्चारही मुद्दाम ठेवते. बोली नव्हे, त्या त्या देशाचे प्रमाण उच्चार, पण दार उघडं आहे. राहता राहिलं ए-वन, ए-टू, तिथे मात्र मीही कडक आहे, तिथे फक्त प्रमाण भाषा, पाया कच्चा असताना कानात पाच आवाज ओतले तर पोरगं गोंधळतं.

आता दुसऱ्या बाजूला, "तिथे गेल्यावर येतं आपोआप" वाल्यांना. येतं, मान्य. मी स्टुटगार्टजवळ दोन वर्षं राहिले, मलाही सहासात महिन्यांनी कळायला लागलं. पण मी विद्यार्थी होते, माझ्या न कळण्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. कामाला गेलेल्या माणसाचं तसं नसतं. जर्मनीत नोकरीच्या सुरुवातीला प्रोबेत्साइट म्हणजे चाचणीचा काळ असतो, सहा महिन्यांपर्यंत, त्या काळात नोकरीवरून काढणं सोपं असतं. म्हणजे कान तयार व्हायला जे सहा महिने लागतात, नेमके तेच सहा महिने ती मुलगी तोलली जात असते. सहकारी जेवणाच्या टेबलावर हसतात आणि हिला कळत नाही कशावर, मग ती टेबलावर बसणं बंद करते, मग लोक म्हणतात ही मिसळत नाही. फोन वाजला की उचलायची भीती. दोनदा "काय म्हणालात?" विचारलं की तिसऱ्यांदा माणूस विचारत नाही, मान हलवतो, आणि हॉस्पिटलमध्ये न कळता हलवलेली मान सगळ्यात धोक्याची. ही किंमत कोण भरतं? "आपोआप" म्हणणारा तर भरत नाही.

आणि जे उत्साही लोक म्हणतात थेट श्वेबिश बोलायलाच शिकवा, म्हणजे लोक आपलंसं करतील, त्यांनाही माझं नाही. पुण्यातून गेलेल्या मुलीने पहिल्या आठवड्यात "ई हान" सुरू केलं तर समोरच्याला ती नक्कल वाटू शकते, शिवाय पुढच्या वर्षी तिची बदली हाम्बुर्गला झाली तर तो ढंग तिथे परकाच. बोली तोंडात यायची तर नात्यातून येते, येऊ द्यावी. स्वित्झर्लंडमध्ये तर प्राध्यापक आणि बँकेचे साहेबसुद्धा घरीदारी बोलीच बोलतात, झ्युरिकने २०११ मध्ये मतदान करून बालवाडीत बोलीच वापरायचं ठरवलं, पण परक्याने प्रमाण जर्मनमध्ये उत्तर दिलं तर त्यांना चालतं. ते त्यांच्या भाषेत, आपण आपल्या शिकलेल्या भाषेत, दोघांना दोघांचं कळतंय, एवढं झालं की काम चालतं.

बोली कळणं म्हणजे प्रत्येक शब्द कळणं असंही नाही. फसवे शब्द कुठले ते माहीत असणं आणि तिथे थांबून विचारणं, हे सुद्धा कळणंच. पुस्तकात फूस म्हणजे पाऊल आणि बाइन म्हणजे अख्खा पाय, पण श्वाबेनमध्ये फूस कमरेपासून खालचा सगळा पाय. आजोबा म्हणाले फूस दुखतोय आणि तुम्ही मोजा काढून टाच तपासत बसलात, दुखणं मांडीत. खरं तर मराठी माणसाला हे सगळ्यात सोपं जायला हवं, आपला "पाय" तस्साच आहे, आपल्याकडे कुणी पाय दुखतोय म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, कुठे? तोच प्रश्न जर्मनमध्ये विचारायचा. टेपिश मागितलं तर गालिचा शोधू नका, आजींना थंडी वाजतेय, घोंगडी हवीय.

माझी ती विद्यार्थिनी अजून तिथेच आहे, आणि आता मी बी-वनच्या पहिल्या तासाला तिनेच पाठवलेला प्रश्न फळ्यावर लिहिते: ड्यूटी फिर्टेल द्राय (शब्दशः "पाव तीन") ला आहे, किती वाजता पोचाल? सगळा वर्ग म्हणतो सव्वातीन. तिथे दक्षिणेत आणि पूर्वेकडे त्याचा अर्थ सव्वादोन, कारण ते तिसऱ्या तासाचा पाव भाग संपला असं मोजतात, आणि द्रायफिर्टेल द्राय म्हणजे पावणेतीन. मग मी विचारते, हाल्प द्राय म्हणजे अडीच हे तुम्हाला ए-वनला कसं पटलं होतं? तिथेही तिसऱ्या तासाचा अर्धाच मोजलाय की. मागच्या बाकावरून हळूच कुणीतरी बोटांवर मोजायला लागतं, पाव, अर्धा, पाऊण, आणि मग मी रेकॉर्डिंग लावते.